बाबूअण्णांची बोट लई पळती

आमच्या निपाणीत मोटारबोट घेतलेला एकच माणूस होऊन गेला, आणि निपाणीला नदी नाही. वेदगंगा आहे, पण ती गाव सोडून लांब, आणि शिमगा झाला की तिच्यात पाणी किती आणि म्हशी किती हे सांगणं कठीण. अशा गावात बाबूअण्णा बैलगाडीवर घालून बोट घेऊन आले. बेळगावच्या क्यांपातला कोणी साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्या सामानाचा लिलाव होता. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कपबशा घेतल्या. अण्णा गेले होते आपल्या तंबाखूच्या वखारीसाठी वजनकाटा बघायला. आले ते बोट घेऊन.

गाडी बाजारपेठेतून निघाली तेव्हा दुकानं सोडून माणसं रस्त्यावर आली. कापडवाल्या शेटजींनी विचारलं, "अण्णा, ह्ये काय म्हणायचं?"

"बोट."

"कशापायी?"

"मासं धराय."

"आनि नदी?"

"नदी हाय तितंच हाय. ती कुठं पळून जातीया?" असं म्हणून अण्णांनी गाडीवानाला "आटप, आटप" केलं आणि गाडी पुढं गेली.

घरी आक्कांनी, म्हणजे अण्णांच्या मंडळींनी, बोटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि ओवाळलं. घरात नवी वस्तू आली की ओवाळायची, मग ती म्हैस असो की बोट, असा त्यांचा साधा हिशेब होता.

मी अण्णांचा भिंतीला भिंत लागून शेजारी. शाळेत मास्तर, म्हणून इंग्रजी वाचता येणारा. बोटीच्या मागच्या अंगाला टांगायचं इंजिन होतं आणि त्याच्या दांड्याजवळ काही अक्षरं होती, ती वाचायला मला बोलावणं आलं. मी वाचून सांगितलं की दांडा इकडं केला की सावकाश आणि तिकडं केला की जलद. अण्णांनी वखारीतल्या हौदाच्या काठावर इंजिन बसवलं आणि दोरी ओढली. दांडा सावकाशकडं नेला की इंजिन दमेकरी म्हाताऱ्यासारखं खोकून बंद पडे. जलदकडं नेल्यावर मात्र त्यानं हौदातलं निम्मं पाणी वाळत घातलेल्या तंबाखूवर आणि उरलेलं माझ्यावर उडवलं. त्या इंजिनाला एवढे दोनच स्वभाव होते, हे आम्हांला त्या दिवशीच कळलं. तिसरा स्वभाव त्याच्या अंगी बाणवण्यात अण्णांची पुढची दोन वर्षं गेली.

आता गंमत अशी, की सावकाश या शब्दाशी अण्णांचं जन्माचं वैर. "आटपा" हा त्यांचा मंत्र. न्हाव्यापुढं बसले तर एक गाल झाला की उठायचे आणि दुसरा गाल उद्या म्हणायचे. कीर्तनाला गेले तर बुवा आख्यान लावत असतानाच हे आरतीला उभे. पंगतीत भात वाढायच्या आत त्यांचं ताक पिऊन झालेलं असायचं. माझ्याकडं चहाला आले की आधण उकळायच्या आत दोनदा जाऊन परत यायचे. अशा माणसानं बोटीत बसून इंजिनाच्या पाठीवर थोपटत "दमानं रं राजा, दमानं" म्हणावं, यावर कोणाचा विश्वास बसला नसता. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं म्हणून सांगतो.

त्याला कारण होतं, आणि ते सांगायचं तर त्यांच्या इंदूच्या लग्नापासून सुरुवात करायला हवी.

इंदू अण्णांची एकुलती एक मुलगी. तिला दिली कृष्णाकाठच्या एका गावात, पाटलाच्या घरी. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण व्याही हयात आहेत आणि त्यांना माझा पत्ता ठाऊक आहे. लग्न निपाणीत झालं. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वाजतगाजत यायची. घोडा नको, नव्या चालीनं मोटारीतून आणू, ही हौस अण्णांची. मोटार आली, फुलांनी सजली, पुढं वाजंत्री, मागं वऱ्हाड. वऱ्हाड कृष्णाकाठचं. त्या पाण्यावरच्या माणसांना घाई म्हणजे काय हे माहीत नाही. ती पाऊल टाकतात, थांबतात, पान खातात, मग दुसरं पाऊल टाकतात. अण्णांचा जीव वरखाली व्हायला लागला. मुहूर्त टळतो की काय, या धास्तीनं त्यांनी मोटारीच्या पायरीवर उभं राहून डायव्हरला सांगितलं, "सोड गाडी."

डायव्हरनं सोडली. वाजंत्री वाजवता वाजवता पळायला लागले, मग नुसतेच पळायला लागले. नवरदेवाचे मामा पलीकडच्या पायरीवर उभे होते, त्यांचा फेटा सुटून पार सोनारगल्लीपर्यंत रस्त्यावर पसरत गेला. नवरदेव मांडवात पोचला तो वऱ्हाडावाचून. तिथं भटजींची अजून अंघोळ व्हायची होती.

व्याही घामाघूम होऊन मागनं चालत आले आणि म्हणाले, "चोर धरून न्यावा तसं आमचं पोरगं नेलंसा."

अशा वेळी मुलीच्या बापानं हात जोडायचे असतात. अण्णा म्हणाले, "मग जरा बिगीबिगी चालायला शिका."

लग्न लागलं, पण पंचमीला इंदूला माहेरी पाठवलं नाही. दिवाळीलाही नाही. आक्कांनी रडून रडून अण्णांना मुलीला आणायला धाडलं. अण्णा गेले. व्याह्यांनी सोप्यात घोंगडं टाकलं, "बसा, हुईल सावकाश" म्हणाले आणि आत गेले. अण्णा बसले. कोणी बाहेर येईना. इंदूचं तोंड दिसेना. सूर्य डोक्यावर आला. सावकाश हा शब्द आपल्याला टोचायलाच वापरला, अशी अण्णांची खात्री होत गेली. शेवटी ते उठले, अंगणात उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "ह्या गावच्या काठाला पुन्हा पाय लावणार न्हाय," आणि चालू लागले. घरी येऊन त्यांनी आणखी एक हुकूम काढला, की इंदूचं नाव या घरात कोणी घ्यायचं नाही. आणि मग काही महिन्यांनी बोट आली.

बोट ठेवली कृष्णेवर, दूधगंगा मिळते त्याच्या आसपास, अण्णांच्या एका तंबाखूवाल्या मित्राच्या मळ्यात. दर रविवारी सर्व्हिस मोटारीनं आणि पुढं छकड्यातून आम्ही तिथं जायचो. आम्ही म्हणजे अण्णा आणि मी. मला नेण्याचं कारण त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं: "वजन पायजे बोटीत." मासे धरण्याची रीत साहेबाची. गळ टाकून काठावर बसायचं नाही. बोट चालू ठेवायची, मागं लांब दोर सोडायचा, दोराला चकचकीत पत्र्याचा चमचा आणि गळ. चमचा पाण्यात फिरतो, मासा त्याला धाकटा मासा समजून पाठलाग करतो आणि फसतो. फक्त बोट माणसाच्या चालीनं गेली पाहिजे. जोरात गेली तर सगळंच फुकट.

"कुठं टाकायचा गळ?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"खाली एक डोह हाय. मोठी मरळ हाय त्यात."

"पण अण्णा, तो तर तुमच्या व्याह्यांच्या घाटापुढचा डोह."

"गाव त्येंचं आसंल. पाणी सरकारचं हाय."

इंजिन फटफटत निघालं. तो आवाज असा, की दोन्ही काठांवरचे बगळे उठून गेले. वळणापर्यंत अण्णांनी दोर सोडलाच नव्हता. गावाचं देऊळ दिसल्यावर घाईघाईनं सोडला. घाट आला आणि गेला. वरच्या पायरीवर धुण्याचं बोचकं घेऊन कोणी बाई धावत आलेली मला ओझरती दिसली. अण्णांनी मान एवढी मागं वळवली होती की बोट बाभळीत शिरायची राहिली. पुढच्या वळणाला त्यांनी दोर गुंडाळला. गळाकडं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

"बोट लई पळती, मास्तर," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

मला काय समजायचं ते समजलं. मी म्हणालो, "हो. अशानं मासा लागणार नाही."

"न्हायच लागायचा. ह्येच्या मागं धावून मासा घामानं मरंल."

तेव्हापासून आमच्यात हा करार झाला, न बोलता. आम्ही मासे धरायला जात होतो. वल्ही मारत का जात नाही, असं मी एकदाच विचारलं. अण्णा म्हणाले, "वल्ह्याचा आवाज घरात जातो व्हय?" खरंच होतं. निपाणीच्या बोटीची बातमी तिकडं केव्हाच पोचली होती. फटफट ऐकू आली की इंदू आत चुलीपुढं असो की गोठ्यात असो, बोचकं उचलणार आणि घाटाकडं निघणार. तेवढा वेळ बोट घाटापुढं राहायला हवी. मग थांबवत का नाही? "थांबलो म्हंजी मी त्येंच्या दारात आलो आसं हुतंय. चालती बोट म्हंजी नुस्ता जातोय." दोनदा चकरा मारणंही त्यांना मंजूर नव्हतं. गस्त घातल्यागत दिसतं म्हणे. एकदा खाली जाताना, एकदा वर येताना, बस्स. व्याह्यांपुढं वाकायचं नाही आणि मुलीला बघायचं, या दोहोंच्या मधे जी काय जागा होती ती बोटीच्या चालीत होती, आणि ती चाल अण्णांच्या हाती येत नव्हती.

मग प्रयोग सुरू झाले. क्यांपातल्या एका बटलरनं, म्हणजे साहेबाच्या खानसाम्यानं, सांगितलं, की साहेब मागं बादली बांधायचा. अण्णांनी आक्कांची तांब्याची घागर बांधली. बोट खरंच मंदावली, मग कचकन दोर तुटला आणि घागर कृष्णार्पण झाली. पुढच्या रविवारी आक्कांनी आपण होऊन पितळी हंडा काढून ठेवला. हंड्यानंतर इंजिनाच्या पंख्यामागं फळी बांधून पाहिली. पाणी फळीवर आपटून सरळ माझ्या पाठीवर यायचं आणि बोट खेकड्यासारखी तिरकी चालायची. त्या दिवशी आम्ही पलीकडच्या काठच्या लव्हाळ्यात घुसलो, तिथनं म्हशींच्या राखोळ्यानं आम्हांला शेपटीला धरून बाहेर काढलं. शेपटी म्हशीची. मग वाळू भरलेली पोती आली. पोत्यांनी बोट इतकी खाली बसली की माझं धोतर भिजलं, पण चाल कमी झाली. इंदू घाटाच्या मध्यापर्यंत उतरली.

"आज बरं हुतं," अण्णा परत येताना म्हणाले, आणि वाटभर शीळ घालत बसले.

रात्रीच्या आत आम्ही निपाणीला पोचायचो. आक्का उंबऱ्यातच असायच्या. नाव घ्यायचं नाही हा हुकूम अजून कायम होता, म्हणून त्या विचारायच्या, "मासा?"

"न्हाय गावला."

"पर दिसला?"

"दिसला. जरा वाळल्यागत वाटला."

"काम लई पडत आसंल त्येला. आनि?"

"आनि काय? हिरवं लुगडं न्हेसला हुता."

आक्का पदर तोंडाला लावून आत जायच्या. हसत होत्या की रडत होत्या ते भिंतीपलीकडनं मला कधी कळलं नाही. बहुधा दोन्ही.

शेवटचा प्रयोग कापडाचा. पाण्यात सोडली की फुगेल आणि बोटीला मागं ओढून धरेल अशी मोठ्या तोंडाची, निमुळत्या बुडाची जाड सुती खोळ करायची, असं अण्णांच्या डोक्यात आलं. बेळगावला गेले की वडगावात एका ओळखीच्या विणकराकडं ते आक्कांसाठी लुगडी घ्यायचे. त्यालाच त्यांनी सांगितलं. मी बरोबर होतो. विणकरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काठ कुठला घालू?"

"काठ कशाला? पाण्यात सोडायची हाय ती."

"सोडा की. काठ कुठला?"

"मासं काठ बघत्यात व्हय रं?"

"बघूद्यात न्हायतर न्हाय. माज्या मागावरनं बिनकाठाचं कापड उतरत न्हाय, अण्णा. शेजारपाजारची काय म्हणतील?"

तेव्हा खोळ आली ती लाल काठाची. पदरही होता, तो बुडाकडं गेला होता.

पण तोवर लढाई पेटली होती आणि पेट्रोल मिळेना झालं होतं. अण्णांच्या तंबाखूच्या लॉऱ्या वखारीपुढं उभ्या राहिल्या, त्याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. एक डबा तेवढा त्यांनी डायव्हरच्या नजरेपासून लपवून देवघरात ठेवला होता. आक्का रोज देवांबरोबर त्यालाही फूल वाहायच्या. तो डबा संपला की बोट संपली, आणि बोट संपली की इंदू, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होतं. अण्णांनी तो डबा पुरवून ठेवायचा बराच प्रयत्न केला, पण त्यांचा स्वभाव आडवा आला. एका रविवारी सकाळीच ते माझ्या दारात डबा घेऊन उभे. "चला मास्तर. आज खोळ बघू."

खोळ पाण्यात सोडली तशी ती एखादी गरत बाई नदीत डुंबावी तशी फुगली आणि बोट मागं ओढली गेली. इंजिन फटफटत राहिलं आणि बोट नुसती सरकत राहिली. काठावरनं डोक्यावर जळणाची मोळी घेतलेली एक म्हातारी चालली होती, ती आमच्या पुढं निघून गेली. अण्णांनी मान वर केली नाही. दोन्ही हात दांड्यावर ठेवून ते पुटपुटत होते, "दमानं रं. दमानं रं माज्या राजा."

देऊळ आलं, घाट आला. इंदू बोचकं घेऊन उतरली, सगळ्या पायऱ्या उतरली, खालच्या दगडावर बसली, आणि खाली मान घालून धुणं आपटायला लागली. अण्णा दोराकडं बघत होते. एवढे जवळ आलो होतो की तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, आणि बाप-लेकीपैकी एकही जण दुसऱ्याकडं बघत नव्हता. इतक्या खटाटोपानं मिळवलेला वेळ दोघं असा घालवत आहेत हे बघून मला राग आला. मी काही बोलणार तेवढ्यात देवळामागनं व्याही काठी टेकत घाटावर आले.

अण्णांचा हात दांड्यावर घट्ट झाला. आता हे जलदकडं ओढणार, असं मला वाटलं. त्यांनी ओढला नाही.

"काय गावलं का?" व्याह्यांनी वरनं विचारलं.

"न्हाय अजून," अण्णा पाण्याकडं बघत म्हणाले.

"दोन वरसं झाली की."

"बोट लई पळती."

"कुठं पळतीया? आमच्या गावची म्हातारी म्होरं गेली तुमच्या." व्याही दोन पायऱ्या उतरले. "अण्णा, एक सांगू का? तुमची फटफट आली की ही पोरगी धुणं उचलती. धुतल्यालंच. न्हाय उचललं तर मीच सांगतो, जा म्हणून. आइतवारी आपटून आपटून माजी समदी धोतरं इरली. परवा कचेरीत गेलो तर मामलेदार माज्या गुडघ्याकडं बघाय लागला. लढाईत नवं कापाड मिळंना. आता थांबवा की."

अण्णा म्हणाले, "शपथ हाय माजी."

"ठाव हाय. माज्याच अंगणात घातलीया. पाय लावू नका, बोटीतच बसा. इंदे, धर गं बोट, न्हायतर जाईल म्होरं."

इंदूनं हातातलं धोतर तसंच टाकलं आणि लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात शिरून बोटीची कड धरली. अण्णांनी इंजिन बंद केलं. एकाएकी इतकी शांतता झाली की मला अवघडल्यासारखं झालं. शेवटी अण्णा म्हणाले, "जेवलीस का?"

तिनं मान हलवली. ती बोटीची कड सोडत नव्हती. मग हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, त्या दिवशी का गेलासा?"

"सोप्यात बशिवलं मला. दुपारपतूर. कुणी पानी इचारंना."

"पुरण घातलं हुतं तुमच्यासाठी. मामंजींनी सांगितलं हुतं, व्याही पहिल्यांदा आल्यात, बिगीबिगी उरकू नका, सगळं रीतसर करा. मी चुलीपुढं पोळ्या लाटत हुते. ताट घेऊन भाईर आले, तर तुमी गेलतासा."

वर पायरीवर व्याही दुसरीकडं बघत उभे होते. खाली टाकलेलं त्यांचं धोतर प्रवाहाला लागून चाललं होतं, ते त्यांनी बघितलं आणि जाऊ दिलं.

"चुकलं गं माजं," अण्णा म्हणाले. त्यांनी तिचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखे रडले. मी तोंड फिरवून इंजिनाकडं बघत बसलो, ज्यातलं मला आजही काही कळत नाही.